काहीच न करणारा कॅमेरा

माझी फिद्दाआत्या जेद्दाहमधल्या एका लग्नाच्या हॉलच्या दारात उभी राहते आणि आत येणाऱ्या बायकांचे मोबाईल काढून घेते. हे तिचं काम आहे आणि ती ते वीसेक वर्षं करते आहे. लग्नात बायकांचा हॉल वेगळा असतो, आणि तिथे बायका नटूनथटून, मोकळ्या केसांनी, उघड्या खांद्यांनी येतात. तिथला एखादा फोटो बाहेर गेला तर किती घरांत भांडी आपटतील हे आमच्याकडे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. म्हणून प्रत्येक हॉलच्या दारात एक तपासणारी बाई असते, आणि ज्यांची ऐपत आहे ते लोक आधी फिद्दाआत्या कुठल्या हॉलवर आहे ते विचारतात आणि मग लग्नाची तारीख ठरवतात.

आजवर तिच्या हातून एकही कॅमेरा आत गेलेला नाही. बायकांनी प्रयत्न कमी केले असं नाही. एकीने अंबाड्यात मोबाईल खोचला होता, एकीने तान्ह्या पोराच्या लंगोटात, आणि तिसरी खजुराच्या करंज्यांचा डबा घेऊन आली होती, ज्यात करंज्यांचा एकच थर होता. एक बाई तर पायाला प्लॅस्टर घालून, चाकाच्या खुर्चीत बसून आली. आत्या तिच्याशी फार प्रेमाने बोलली, तिला पाणी दिलं आणि मग म्हणाली, "बाई, तुमचं हाड मघापासून थरथरतंय. उचला, कुणाचा तरी फोन आहे."

अशा बाईची मुलगी लग्नाला आली की काय होतं ते ऐका.

रीहाम ही आत्याची एकुलती एक. ती शाळेत असतानाच तिचे वडील गेले. तेव्हापासून मायलेकी दोघीच त्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरात राहत होत्या, आणि एकमेकींशी भांडल्याशिवाय त्यांचा दिवस मावळत नसे. रीहाम बँकेत कॉम्प्युटरच्या विभागात काम करते. तिचं लग्न ठरलं मुसाइद नावाच्या इंजिनियरशी, आणि तो राहणारा अबहाचा. अबहा म्हणजे डोंगरावरचं गाव, विमानाने जायचं. आत्याच्या मते ते दुसऱ्या ग्रहावर होतं. "तिथे म्हणे ढग घरात येतात," ती मला म्हणाली. "मग ही माणसं खिडक्या बसवतात तरी कशाला?"

लग्न जेद्दाहला, आत्याच्याच हॉलमध्ये व्हायचं ठरलं. मग रीहामने फोटोवाल्या बाईचा विषय काढला आणि घरात आग लागली. आत्याच्या हयातीत तिच्या पोरीच्या लग्नात फोटोवाली येणार नव्हती. फोटोवालीला दुकान असतं, दुकानाला कॉम्प्युटर असतो, कॉम्प्युटर बिघडला की दुरुस्त करायला पुरुष येतो. आत्याने हा सगळा रस्ता आम्हाला बोटांवर मोजून दाखवला.

"म्हणजे माझ्या लग्नाचा एकही फोटो नसणार?" रीहामने विचारलं.

"तुला आठवणार नाही का?"

"आई, उद्या माझी मुलं विचारतील, तेव्हा काय दाखवू? कपाळ?"

आठवडाभर हे चाललं. शेवटी रीहाम जेवता जेवता शांतपणे म्हणाली, "मग लग्न अबहाला करू. मुसाइदच्या आईने विचारलंच आहे. त्यांचा हॉल आहे, त्यांची ओळखीची फोटोवाली आहे. तू पाहुणी म्हणून ये." आणि ही पोरगी धमकी देऊन विसरणाऱ्यांतली नाही. तिने सासूला शुक्रवारपर्यंत कळवते असं सांगूनही टाकलं होतं.

आत्याने मला दुपारी फोन केला. तिचा आवाज मी ओळखलाच नाही. "मैसून," ती म्हणाली, "लोकांच्या पोरींची लग्नं मी दारात उभी राहून लावली. आणि माझ्या पोरीच्या लग्नाला मी बॅग घेऊन परगावी जायचं? दुसऱ्या कुणीतरी माझी पर्स तपासायची?" मग फोनवर नुसता पंख्याचा आवाज येत राहिला.

तेव्हा मला कल्पना सुचली, आणि मी ती माझ्या धाकट्या भावाला, हातिमला सांगितली. आत्याचा फोटोवालीवर विश्वास नाही, तिच्या दुकानावर नाही, जगात कुणावरच नाही. एका माणसावर मात्र आहे, ती म्हणजे ती स्वतः. मग तिलाच कॅमेरा भेट द्यायचा. छोटासा, पर्समध्ये मावणारा, बटण दाबलं की झालं असा.

"फिद्दाआत्याला कॅमेरा," हातिम म्हणाला. "तुरुंगाच्या जेलरला दोरीची शिडी दे की त्यापेक्षा." पण गाडी त्याने काढली.

फलस्तीन रस्त्यावर एक मोठं दुकान आहे. तिथल्या विक्रेत्याचं नाव बासिल, शर्ट कडक इस्त्रीचा, आणि कॅमेऱ्यांबद्दल बोलायला लागला की डोळे अर्धे मिटून घ्यायचा. मी त्याला एवढंच सांगितलं की आत्यासाठी भेट हवी आहे, लग्नात वापरायला. त्याने लगेच काचेतून एक चंदेरी कॅमेरा काढून माझ्या तळहातावर ठेवला.

"हा घ्या. आत्याबाई फोटो काढतील आणि क्षणात तो त्यांच्या मोबाईलवर. तिथून साऱ्या नातेवाइकांना."

मी कॅमेरा काउंटरवर ठेवून दिला. "न पाठवणारा आहे का?"

"हे बंद करता येतं, ताई."

"बंद करता येतं म्हणजे चालूही करता येतं." हे वाक्य माझं नव्हे, आत्याचं आहे. ती दारात दिवसाला दहा वेळा म्हणते.

बासिलने दुसरा काढला. "हा गर्दीतले चेहरे ओळखतो. एकदा नाव घातलं की पुढच्या वेळी आपणहून सांगतो, ही अमकी, ही तमकी."

"कुणाला सांगतो?" हातिमने विचारलं.

"ज्याच्या हातात असेल त्याला."

"ठेवा आत."

तिसरा कॅमेरा माणूस हसला की बटण न दाबताही फोटो काढायचा. म्हणजे बाईला न विचारता. मी नुसती मान हलवली. चौथा फोटो कुठे काढला ते नकाशावर दाखवायचा, गल्लीसकट. हातिम म्हणाला, "अहो, हा कॅमेरा आहे की आमच्या समोरच्या घरातल्या बाई?"

बासिलचे डोळे आता पूर्ण उघडले होते. त्याने एक एक कॅमेरा काढायचा, त्याचे गुण सांगायचे, आणि प्रत्येक गुणाला आम्ही तोंड वाकडं करायचं. त्यात त्याची काय चूक? त्याला बिचाऱ्याला वाटत होतं आपण वधूची तारीफ करतोय, आणि आम्ही पोलिसांनी तक्रार ऐकावी तशा चेहऱ्याने उभे. शेवटी त्याचा संयम संपला.

"ताई, तुम्हाला नक्की काय हवं आहे ते तरी सांगा."

"काहीच न करणारा कॅमेरा."

"काहीच?"

"फोटो काढला तर चालेल."

तो आत गेला. बऱ्याच वेळाने धूळ फुंकत बाहेर आला. हातात एक फिकट पडलेला डबा, आणि डब्यात वांग्याच्या रंगाचा एक छोटा कॅमेरा. त्याने तो काचेवर न ठेवता काचेखालून आमच्याकडे सरकवला, इतर गिऱ्हाइकांना दिसू नये म्हणून. "हा खूप जुना आहे," तो हळू आवाजात म्हणाला. "हा पाठवत नाही. ओळखत नाही. याला आपण कुठे आहोत तेही कळत नाही."

"हाच," मी म्हणाले.

"ताई, माझं ऐका, निदान बिलावर दुकानाचं नाव नको. आत्याबाईंनी विचारलं तर मला वाईट वाटेल."

खरेदी सोपी होती म्हणायची वेळ भेट देताना आली. आमच्यात भेट आणणाऱ्यासमोर उघडत नाहीत. उघडली तर माणूस हावरा ठरतो. पाहुणे गेल्यावर उघडायची आणि दुसऱ्या दिवशी फोन करून आभार मानायचे. साऱ्या शहराच्या पर्सा उघडणारी माझी आत्या ही रीत मात्र कसोशीने पाळते. आणि मला तर ती समोर असतानाच उघडायला हवी होती, नाहीतर एकटीने उघडून ती कॅमेरा खिडकीतून खाली टाकणार याची मला खात्री होती.

मी रंगीत कागदात गुंडाळलेला डबा तिच्या हातात दिला. "कशाला गं उगीच," असं म्हणत ती तो कपाटावर ठेवायला वळली आणि अर्ध्या वाटेत थांबली. तिने डबा एका हातातून दुसऱ्या हातात घेतला. अंगठा कडेवरून फिरवला.

"मैसून."

"काय आत्या?"

"यात कॅमेरा आहे."

"भेट आहे, आत्या. समोर उघडायची नसते."

"मी कुठे उघडली? मोबाईल नाही, कॅमेराच आहे. बॅटरी वेगळी ठेवली आहे." तिने डबा टेबलावर ठेवला आणि दोन पावलं मागे सरकली. "माझ्या घरात. माझ्या सख्ख्या भावाच्या पोरीने."

रीहाम कॉफीची किटली घेऊन स्वयंपाकघरातून बाहेर आली आणि तशीच दारात उभी राहिली. हातिम खाली मान घालून खजूर खात होता. तो अशा वेळी नेहमी खजूर खातो. मी मनात घोकलेलं सगळं विसरले आणि जे तोंडात आलं ते बोलले. "तुला फोटोवाली नको ना? नको आणूस. तिचं दुकान नको, दुकानात येणारा पुरुष नको, सगळं मान्य. मग तू काढ. तुझ्या पोरीचे फोटो तू काढ आणि तुझ्याच उशाशी ठेव. आता तुझा तुझ्यावर तरी विश्वास आहे का नाही?"

आत्या वाद न घालता दोन पावलं पुढे आली. तिच्याबाबतीत असं क्वचित होतं, त्यामुळे आम्ही सगळेच घाबरलो.

मग तिने कागद फाडला. पुढचा तासभर तिने त्या कॅमेऱ्याची जी झडती घेतली ती एखाद्या चोराचीही कुणी घेतली नसेल. सगळ्या फटींतून नख फिरवलं. कानाशी धरून हलवला. वास घेतला. "हा कुणाला पाठवतो?" कुणाला नाही. "हा कुणाशी बोलतो?" कुणाशी नाही. "ही काय?" ती डब्यातली वायर होती, कॉम्प्युटरला जोडायची. आत्या उठली, स्वयंपाकघरातली कात्री आणली, वायरीचे चार तुकडे केले आणि कचऱ्यात टाकले. मग समाधानाने बसून तिने कॉफी घेतली.

"शुक्रवारच्या आत सासूला कळव," ती रीहामकडे न बघता म्हणाली. "लग्न इथेच होईल. फोटो मी काढीन."

रीहाम जवळ आली. तिने आईच्या डोक्यावर ओठ टेकले आणि किटली घेऊन परत आत गेली. आत जाऊन ती रडली, हे ती बाहेर आल्यावर मला तिच्या लाल नाकावरून कळलं.

लग्नाला अजून महिना होता. त्या महिन्यात आत्याने घरातल्या फ्रिजचे, शेजारच्या मांजराचे, सोफ्याचे आणि झोपलेल्या रीहामचे असंख्य फोटो काढले. सुरुवातीच्या सगळ्या फोटोंत एका कोपऱ्यात तिचं बोट होतं. "हे बोट कुणाचं?" ती रागाने विचारायची. हळूहळू बोट मागे हटलं. फ्लॅश तिला उद्धटपणा वाटायचा, म्हणून तिने त्यावर चिकटपट्टी लावली.

दारावर त्या रात्री आत्याच्या जागी जवाहिर नावाची मुलगी उभी राहणार होती. आत्यानेच तिला तयार केलं होतं. अंबाडा कसा दाबायचा, डब्यात थर किती ते कसं बघायचं, रडणाऱ्या बाईपेक्षा हसणाऱ्या बाईकडे जास्त लक्ष का द्यायचं, सगळं. आणि शेवटचा धडा असा: "नवरीची आई आली तरी सोडायचं नाही. नवरीची आई सगळ्यात वाईट."

आम्ही हॉलवर पोचलो तेव्हा दारात बायकांची रांग होती आणि जवाहिर एकेकीचा मोबाईल काढून घेऊन बिल्ला देत होती. बायका कुरकुरत होत्या. आत्या नव्या निळ्या झग्यात, रुबाबात पुढे आली. जवाहिरने तिच्या गालाला गाल लावले, अभिनंदन केलं, आणि पर्समध्ये हात घातला.

"उम्म रीहाम, हे काय?" तिने विचारलं. उम्म रीहाम म्हणजे रीहामची आई; आमच्याकडे बायकांना अशीच हाक मारतात.

"माझं आहे ते," आत्या म्हणाली. "तुला सांगायचं राहिलं."

"गेल्या आठवड्यातल्या बाईपण हेच म्हणाल्या."

"जवाहिर, मी आहे."

"तुम्हीच आहात म्हणून तर." जवाहिरच्या डोळ्यांत पाणी होतं, पण हात पर्समधून हलला नाही. "नवरीची आई सगळ्यात वाईट. तुमचेच शब्द आहेत."

रांगेतल्या बायका कान टवकारून उभ्या होत्या. एक म्हातारी तर रांग सोडून जवळच आली. आत्याने एकदा त्या रांगेकडे पाहिलं. तिने आवाज चढवला असता तर जवाहिरने सोडलं असतं, पण मग त्या सगळ्यांनी आपापले मोबाईल परत मागितले असते आणि इतक्या वर्षांची कमाई एका रात्रीत गेली असती. आत्याने कॅमेरा स्वतःच्या हाताने टोपलीत ठेवला आणि बिल्ला घेतला.

"शाब्बास," ती जवाहिरला म्हणाली. आतल्या खोलीत शिरल्यावर मात्र तिने माझ्या दंडाला इतकं जोरात धरलं की वळ उठला. "बघितलंस त्या पोरीला? काय तयार केलीय मी. जीव घ्यावासा वाटतो तिचा."

आत रीहाम पांढऱ्या झग्यात आरशासमोर बसली होती. तिला अजून काही माहीत नव्हतं. तिने आरशातूनच आईला विचारलं, "कॅमेरा आणलास ना?" आत्या म्हणाली, "आणलाय." हे तिने खोटं सांगितलं नाही. फक्त कॅमेरा दाराच्या टोपलीत होता.

मी म्हणाले, "आत्या, आता?" ती खुर्चीत बसली आणि तिने डोळे मिटले. मला वाटलं रडते आहे. पण ती आजवर पकडलेल्या एकेकीला आठवत होती. डोळे उघडून ती म्हणाली, "एक वाट आहे. आजवर कुणाला सुचली नाही. मला रोज भीती वाटायची कुणाला तरी सुचेल."

नियम असा आहे की ठेवलेली वस्तू फक्त घरी निघालेल्या बाईला परत मिळते. आत्याच्या सांगण्यावरून मी बाहेर जाताना घालायचा काळा अबाया चढवला, डोकं दुखत असल्याचं नाटक केलं, आत्याचा बिल्ला दाखवून कॅमेरा घेतला आणि बाहेर गाड्यांच्या गर्दीत जाऊन उभी राहिले. जेद्दाहच्या दमट हवेत माझा मेकअप गळ्यापर्यंत आला. थोड्या वेळाने मुसाइदच्या आईची गाडी आली आणि तिच्या स्वागताला आत्या स्वतः बाहेर आली. हातात ऊदाचं मोठं धुपाटणं, आरसे जडवलेलं, वर लाल निखारे, आणि धूर असा की समोरचं माणूस दिसू नये. धुपाटण्याचा खालचा भाग पोकळ असतो. सगळ्यांच्या देखत मी पुढे झाले, आत्याच्या गळ्यात पडले आणि कॅमेरा रुमालात गुंडाळून त्या पोकळीत कोंबला.

दारात जवाहिरने मला पुन्हा पाहिलं. "तुम्ही घरी निघाला होतात ना?" मी म्हटलं, बरं वाटतंय आता, कॅमेरा गाडीत ठेवून आले. तिने माझी पर्स उलटी केली, अंबाडा दाबला, काही सापडलं नाही. मग आत्या आली. जवाहिरने तिचे रिकामे खिसे चाचपले, तिची पर्स पाहिली, आणि मग धुपाटण्यावर वाकून दोन्ही हातांनी धूर आपल्या केसांत घेतला, डोळे मिटून. "किती छान ऊद आहे, उम्म रीहाम," ती म्हणाली.

"तुझ्यासाठीच आणलाय," आत्या म्हणाली आणि आत गेली.

रीहाम मंचावर येऊन बसली. ढोल वाजत होते. आत्याने खांबामागे जाऊन कॅमेरा बाहेर काढला. तो कोमट झाला होता आणि त्याला ऊदाचा वास येत होता. ती तो घेऊन मंचाकडे निघाली आणि पहिल्याच टेबलावरच्या बाईने ओरडून विचारलं, "उम्म रीहाम, हा कुणाकडे सापडला?"

हे आमच्यापैकी कुणाच्याच डोक्यात आलं नव्हतं. फिद्दाआत्याच्या हातात कॅमेरा, म्हणजे तो कुणाकडून तरी जप्त केलेला. दुसरा अर्थ या शहरात कुणाला लागलाच नसता. टेबलाटेबलावरून बातमी गेली. कॅमेरा सापडला. म्हणजे आणखीही असेल. शेवटच्या टेबलापर्यंत जाताजाता ते चार झाले होते. बायकांनी पिशव्यांतून अबाया काढले, डोक्यावरून ओढले, आणि बघता बघता सगळा रंगीबेरंगी हॉल काळा झाला. नवरदेव आत येताना होतो तसा, पण नवरदेवाला अजून वेळ होता. ढोलवाल्या बायकासुद्धा ढोलामागे लपल्या.

मंचावर एकटी रीहाम पांढरी. तिने ते सगळं पाहिलं, आईचा कोरा चेहरा पाहिला आणि तिला जे हसू फुटलं ते थांबेना. पोट धरून, मुकुट सांभाळत ती हसत होती. आत्या बिचारी काही सेकंद गोंधळून उभी राहिली. मग तिने कॅमेरा डोळ्याला लावला आणि बटण दाबत सुटली.

शेवटी ती रीहामच्या शेजारी जाऊन बसली आणि कॅमेऱ्याकडे बघत राहिली. मला कळत होतं तिच्या मनात काय आहे, पण मी पुढे झाले नाही. तिने कुणाच्या हातात कॅमेरा दिला असता का? खूप वेळाने तिने हात लांब केला. "धर. एकच काढ. आणि बोट लगेच उचल."

मी एकच काढला. फोटो चांगला आला आहे. रीहाम आईच्या खांद्यावर डोकं ठेवून हसते आहे. आत्या मात्र कॅमेऱ्याकडे बघत नाही. ती माझ्या हातांकडे बघते आहे, मी आणखी काही दाबत तर नाही ना ते.

अबहाला निघायच्या दिवशी रीहामने कॅमेरा मागितला. आत्या म्हणाली, "कॅमेरा माझा आहे. मला भेट मिळालाय."

"मग फोटो तरी."

"फोटो कॅमेऱ्यात आहेत. बघायचे तेव्हा ये आणि बघ."

"आई, माझ्या लग्नाचे फोटो आहेत ते."

"तुझेच आहेत. कोण नाही म्हणतंय?"

रीहाम पाय आपटत गाडीत बसली. मला आत्याचा भयंकर राग आला आणि मी तो बोलून दाखवला. पोरीला एका हाताने दिलं आणि दुसऱ्या हाताने काढून घेतलं, याला काय म्हणायचं? आत्या शांतपणे भांडी विसळत राहिली.

पहिल्या महिन्यातच रीहाम आली, अबहाचा मध आणि डोंगरातली कसलीतरी सुगंधी पानं घेऊन. मी गेले तेव्हा मायलेकी पलंगावर पालथ्या पडून त्या काडेपेटीएवढ्या पडद्यात डोकं खुपसून बसल्या होत्या. "ही कोण गं, ही डावीकडची काळी?" "ही नाही का, बुटांवरून ओळख, नजातमावशी." "नजातमावशीचे पाय एवढे कुठे?" असं चाललं होतं. दोघी एकमेकींचा हात बाजूला करत होत्या आणि भांडत होत्या. मलाही बरं वाटलं.

म्हणून मी म्हणाले, "अगं, डोळे फोडून घेऊ नका. कार्ड द्या इकडे. माझ्या लॅपटॉपमध्ये घालते, लगेच एक प्रत निघेल. वायर नसली तरी चालतं. रीहाम, तू अबहाला मोठ्या पडद्यावर—"

आत्याने माझ्या मांडीला असा चिमटा काढला की वाक्य तिथेच मेलं. मग पाणी आणायला म्हणून मला स्वयंपाकघरात ओढत नेलं.

"तुला अक्कल कधी येणार?" ती दात आवळून म्हणाली. "प्रत दिली तर ती येईल कशाला?"

"म्हणजे तुला माहीत होतं? कार्डातून निघतं ते?"

"वीस वर्षं दारात काय मी झोपा काढल्या?"

मी पाणी भरलं. कात्री आणून वायर कापणारी ती बाई मला आठवली आणि मी तिला किती भोळी समजत होते याची लाज वाटली. ती मात्र तोंडाला ओढणी लावून, कुणाला दिसू नये असं हसत, खिडकीकडे बघत उभी होती.

दोन दिवसांनी रीहाम परत निघाली. तिची बॅग उचलून मी खाली आले. जिन्याच्या शेवटच्या पायरीवर तिने मला थांबवलं.

"मैसूनताई, एक सांगू? ते प्रतीचं पुन्हा काढू नकोस हं आईसमोर."

"अगं, पण तुला मोठ्या पडद्यावर—"

"मी दिवसभर कॉम्प्युटरवर बसते, ताई. मला हवी असती तर आई अंघोळीला गेल्यावर काढून झाली असती." तिने वर तिसऱ्या मजल्याकडे पाहिलं. "फोटो माझ्याकडे आले की आई मला 'कामं टाकून येऊ नकोस, तिकीट महाग आहे' म्हणायला लागेल. तिचा स्वभाव मला माहीत आहे. आणि मी ऐकीन. मग आम्ही दोघी फोनवर तब्येती विचारत बसू."

गाडी गेली. मी वर आले तेव्हा आत्या पलंगावर एकटीच बसली होती, कॅमेरा मांडीवर.

"काय म्हणत होती एवढा वेळ?"

"काही नाही," मी म्हणाले. "पुढच्या महिन्यात येते म्हणाली. अजून नीट बघून झाले नाहीत तिचे."

"माहीत होतं मला," आत्या म्हणाली, आणि उठून बॅटरी चार्जिंगला लावली.